राखणीवरचा कुत्रा

वैजयंतीबाईंना चांगलं वागायची फार हौस होती. हौस वाईट नाही, पण तिच्यापायी दुसऱ्याला काय भोगावं लागलं हे हौस करणाऱ्याला सगळ्यांत शेवटी कळतं. बाईंना ते गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात कळलं. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी सहा वाजता कोको या कुत्र्याला मागच्या सीटवर बसवून त्या करंजाड्यातून निघाल्या, एकट्याच.

"ड्रायव्हर तरी घे," त्यांचे यजमान श्यामसुंदर बाल्कनीतून फोनवर म्हणाले. महिन्यापूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे सहा मजले खाली येऊन भांडणं त्यांना शक्य नव्हतं. फोनवरून मात्र ते जोरात भांडत होते. "तो धनगर कुठे आहे ते माहीत नाही. नामदेवने दिलेला नंबर कधीच बंद पडलाय. तू आयुष्यात लोणावळ्याच्या पुढे गाडी नेलेली नाहीस."

"चूक माझी आहे ना? मग ती सांगायला ड्रायव्हर कशाला न्यायचा?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

चूक काय होती ते सांगायला जानेवारीपर्यंत मागे जायला हवं. बाई विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या. दादरची भाड्याची जागा सोडून चार वर्षांपूर्वी नवरा-बायको मुंबईबाहेर करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये आले. इथे रस्ते रुंद, हवा बरी, आणि वेळच वेळ. तो घालवायला बाई सेक्टरमधल्या प्राणिमित्रांच्या ग्रुपमध्ये शिरल्या आणि वर्षभरात तिथल्या पुढारी झाल्या. लंगडं मांजर असो की पंख मोडलेला कावळा, पहिला फोन बाईंना यायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी, रस्त्याच्या कामासाठी आणून टाकलेल्या सिमेंटच्या मोठाल्या पाइपांपाशी त्यांना एक कुत्रा बसलेला दिसला. उंच, तांबूस, फासळ्या वर आलेल्या, गळ्यात तुटक्या दोरीचा तुकडा. दहा वाजता भाजी आणायला गेल्या तेव्हाही तो तिथेच. दुपारी एकला बाल्कनीतून पाहिलं तरी तिथेच, भर उन्हात. बाई खाली गेल्या, बिस्किटं टाकली. त्याने ती हुंगलीसुद्धा नाहीत. हाका मारल्या, तो उठला नाही. म्हणजे याला चालता येत नाही, आणि कोणीतरी निर्दयपणे याला टाकून दिलंय, असा बाईंनी निकाल लावला. पुरावा त्यांना पुरेसा वाटला.

ग्रुपमधला बंडू जाळी आणि आणखी दोघांना घेऊन आला. कुत्र्याने त्याचा हातमोजा फाडला. गाडीत कोंडल्यावर तर असा आकांत मांडला की इमारतीतले लोक खिडकीत आले. "ट्रॉमा आहे," बंडू म्हणाला. बाईंनी मान हलवली. पाइपात मात्र कोणी वाकून बघितलं नाही.

पुढचं सगळं अगदी नीट, नियमाप्रमाणे झालं. आंघोळ झाली, इंजेक्शनं झाली, एक्स-रे निघाला. पायाला काहीच झालेलं नव्हतं. त्याचं डॉक्टरांना नवल वाटलं, बाईंना नाही. चार दिवस तो दाराकडे तोंड करून उपाशी बसला, पाचव्या दिवशी दहीभात खाल्ला. बाईंनी त्याला निळा पट्टा घेतला आणि नाव ठेवलं कोको. रानात रापलेल्या, लांडग्याच्या उंचीच्या त्या जनावराने तेही सहन केलं. मार्चमध्ये त्यांनी त्याची नसबंदी करून घेतली. सकाळी नऊला दवाखान्यात सोडला, संध्याकाळी सहाला आणला आणि ग्रुपवर फोटो टाकला. लोकांनी वाहवा केली. एव्हाना बाईंचाही त्याच्यावर जीव जडला होता. रात्री तो त्यांच्या पलंगाखाली झोपायचा, आणि त्यांनी कूस बदलली की मान वर करून बघायचा.

आणि मग सप्टेंबरात, फिरताना, करंजाड्याच्या मूळ गावठाणातल्या नामदेवच्या घरावरून त्या गेल्या. नामदेव एके काळचा शेतकरी. आता त्याच्या जमिनीवर तीन मजली इमारत आहे आणि तो तिच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून भाडेकरूंची ये-जा बघतो. कुत्रा बघून तो खुर्चीतून उठला.

"बाय, ह्यो कुत्रा तुमचेकडं कसा?"

"रस्त्यावर सापडला. कोणीतरी टाकून दिला होता."

"टाकून?" नामदेव म्हणाला. "टाकलेला नवता, बाय. राखनीवर व्हता तो."

मग त्याने सांगितलं. पारनेरकडचा धनाजी धनगर दरवर्षी थंडीत मेंढरं घेऊन घाट उतरतो आणि नामदेवच्या उरल्यासुरल्या शेतात आठ-दहा रात्री मेंढ्या बसवतो. शेताला लेंडीखत मिळतं, धनाजीला तांदूळ. त्या दिवशी वाटेतच एक मेंढी व्यायली. दोन कोकरं झाली. तासाभराच्या कोकरांना हायवे ओलांडून कसं चालवणार? म्हणून धनाजीने मेंढीला आणि कोकरांना पाइपात सावलीला घातलं, तोंडाशी कुत्रा बसवला आणि बाकीच्या मेंढ्यांचं खांड घेऊन तो पुढे गेला. संध्याकाळी घोडी घेऊन परत यायचं होतं. असा बसवलेला कुत्रा मालक येईपर्यंत उठत नाही, परक्याच्या हातचं खात नाही.

"परत आला तं कुत्रा नाय. गावातल्या कुत्र्यांनी दोन्ही पोरं नेलेली. मेंढीचा गला फारलेला," नामदेव म्हणाला. "चार दिस हुडकला त्यानं. मंग बोल्ला, याला शहराचं वारं लागलं, राखन टाकून पलाला हरामखोर. रडला वो, एवढा मोठा बाप्या."

"यंदा येईल ना तो? मी त्याला भेटते."

"कुठं येल? शेत दिलं बिल्डरला. नको येऊ, सांगितला मी."

बाई घरी आल्या आणि पलंगावर बसून राहिल्या. कुत्र्याने येऊन त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. त्याला ढकलायचंही त्यांना धाडस होईना आणि कुरवाळायचंही. रात्री त्यांनी श्यामसुंदरना सांगितलं की कुत्रा परत द्यायचा आणि दोन गोष्टी तोंडाने कबूल करायच्या. एक, तो पळाला नव्हता, मी त्याला उचलून नेला. दुसरी, आता त्याला पिल्लं होणार नाहीत.

"पहिली सांग," श्यामसुंदर जरा विचार करून म्हणाले. "दुसरी सांगायलाच हवी असं नाही. ते दिसत नाही पटकन."

नवरा तसा सज्जन माणूस. पण सज्जन माणसंसुद्धा बायकोला वाचवायला असं काहीतरी बोलतात, आणि नेमकं तेच मग डोक्यात घर करून राहतं.

बोरघाट चढेपर्यंत कोको नेहमीसारखा होता. सीटवर आडवा, डोळे मिटलेले, ट्रकचा भोंगा वाजला की एक कान हलायचा. चाकणच्या गर्दीत बाईंनीच दोनदा गाडी बंद पाडली. डावीकडून रिक्षा, उजवीकडून कंटेनर, आणि मागून प्रत्येक जण हॉर्न वाजवून त्यांना निवृत्तीच्या वयाची आठवण करून देत होता. शिक्रापूर मागे पडलं तसा पाऊस थांबला, झाडं खुजी झाली, आभाळ मोठं झालं. तेव्हा कोको उठला. खिडकीच्या फटीला नाक लावून तो उभा राहिला तो शिरूरपर्यंत उभाच. बाईंनी त्याला दोनदा नावाने हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही.

ज्या गावी जायचं तिथे सेक्टर नाही, प्लॉट नंबर नाही, समोर कुठली बँक नाही. बाईंना वाट विचारायची सवय नव्हती. गेली चार वर्षं त्या फोनमधल्या बाईच्या सांगण्यावरून वळत आल्या होत्या. पारनेरच्या अलीकडे त्या फोनमधल्या बाईने हात टेकले. मग त्यांनी काच खाली केली आणि विचारायला सुरुवात केली. प्रत्येक माणूस आधी त्यांचं गाव विचारी, मग गाडीत वाकून बघे, मग म्हणे, "एकट्याच?"

"नाही, हा आहे ना," बाई म्हणत.

धनाजीच्या वस्तीवर पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. चार घरं, तीन बंद. चौथ्याच्या ओट्यावर धनाजीचे चुलते गोटीराम बसले होते, डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ तल्लख. त्यांनी बाईंना आधी पाणी दिलं, मग चौकशी केली.

"धनाजी नाय हितं. आवंदा पाऊस तिकडं बरा झाला, जामखेडच्या अंगाला. श्रीगोंद्यावरनं गेलाय. आईबी संगं हाय."

"त्यांच्याकडे कुत्रा होता ना एक?" बाईंनी विचारलं. कोको गाडीत होता, म्हाताऱ्याला दिसत नव्हता.

"सरदार! व्हता की. लई नावाजलेला. पर राखन टाकून पळाला तिकडं मुंबैला. धनाजीनं मंग त्याचं एक पिल्लू व्हतं, तेबी दिऊन टाकलं. म्हनला, पळपुट्याची जात नको मेंढरात. आता स्वताच काठी घिऊन बसतो वाघरीभवती. दोनदा लांडगा येऊन गेला."

वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, हे बाईंना विचारून घ्यावं लागलं. बाकी सगळं विचारल्याशिवायच कळलं. नाव गेलं होतं, ज्याने काहीच केलं नव्हतं त्याचं. त्याचं एकुलतं पिल्लूही त्याच्या बदनामीत गेलं होतं. आणि दुसरं कधी होणार नव्हतं.

गोटीरामांनी नवा नंबर दिला. बाईंनी तिथेच ओट्यावरून लावला. बंद होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. संध्याकाळी श्रीगोंद्याच्या लॉजवरून त्यांनी श्यामसुंदरना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "सारखा लावत राहा. फोनवर सांगून टाक आणि कुत्रा कोणाकडे तरी ठेवून ये."

"फोनवर तो शिव्या देईल आणि मी फोन कट करीन. समोर असले की कट करता येत नाही."

"हे तुला चांगलं वाटतंय का वाईट?"

"मला यात चांगलं वाटायला नकोय, अहो. आत्तापर्यंत सगळं चांगलं वाटायला म्हणूनच केलं."

लॉजवाला कुत्र्याला आत घेईना. बाईंनी धनगराचा कुत्रा आहे म्हटल्यावर मात्र तो खाली आला, कोकोच्या छातीवरून हात फिरवून म्हणाला, "मंग तसं सांगा की," आणि स्वतःच त्याला मागच्या अंगणात नेऊन भाकरी कुस्करून घातली. निळ्या पट्ट्याकडे बघून तो हसला. बाईंनी पट्टा काढून पर्समध्ये टाकला.

दुसरा दिवस सगळा शोधण्यात गेला. मूग काढलेल्या रानांत जिथे जिथे पांढरे-काळे ठिपके दिसत तिथे बाई गाडी थांबवत. मेंढरं दिसली की कोको काचेवर पंजे मारी, जवळ गेलं की हुंगून गप्प बसे. हे खांड आपलं नाही, ते त्याला माणसाआधी कळायचं. बाई तरी उतरून विचारत. धनगरबाया त्यांना खाटेवर बसवत, चहा करत. कोणी म्हणे धनाजी आष्टीकडे गेला, कोणी म्हणे तो डोंगर चढून पाटोद्याच्या बाजूला. एकीने कुत्र्याकडे बोट दाखवून विचारलं, "पाळलाय व्हय?" आणि बाईंच्या तोंडून निघालं, "नाही. पोचवायला आणलाय." नऊ महिने पलंगाखाली झोपलेला प्राणी एका वाक्यात परका झाला होता.

वाटेत विचार करायला वेळ भरपूर होता. बाई स्वतःशी प्रामाणिक राहायचा प्रयत्न करत होत्या, आणि त्या प्रयत्नात फारसं सुख नव्हतं. त्या दिवशी पाइपात वाकून का नाही बघितलं? कंबर दुखत होती म्हणून नाही. बघायची गरजच वाटली नाही म्हणून. हडकुळा कुत्रा, तुटकी दोरी, ऊन. पुढची गोष्ट त्यांनी मनातच पुरी केली, आणि त्या गोष्टीत एक दुष्ट माणूस होता आणि एक चांगली बाई. दुष्ट माणसाचं नाव-गाव शोधायचंही त्यांना सुचलं नव्हतं. आता दोन दिवस त्या त्याचंच नाव-गाव विचारत फिरत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी जामखेडच्या पुढे एका फाट्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि अर्धा तास नुसत्या बसल्या. परत फिरावं असं वाटत होतं. कोणाला काय कळणार होतं? नामदेव चार दिवसांनी विसरला असता. कुत्रा सुखात राहिला असता, दहीभात खाऊन, सहाव्या मजल्यावर. आरशात त्यांना कोको दिसत होता. तो डोंगराकडे बघत होता आणि थरथरत होता. थंडी नव्हती. बाईंनी वास घेतला. त्यांना नुसता ओल्या मातीचा आला. त्याला कसला आला ते त्यालाच माहीत. "बरं बाबा," बाई म्हणाल्या आणि गाडी डोंगराच्या रस्त्याला घातली.

वळण संपल्यावर माळ लागला आणि माळावर मेंढरं. दोनशेच्या वर असतील. एका बाजूला दोन घोड्या, बांधावर चूल, चुलीपाशी हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी. कोकोने आता असा आवाज काढला की बाईंना जानेवारीतला तो आकांत आठवला. त्यांनी दार उघडलं.

तो माणसांकडे गेला नाही. आधी मेंढरांभोवती त्याने एक मोठी फेरी मारली, पोट जमिनीला लागेल इतका खाली वाकून, आणि मेंढरं हलली नाहीत. मग तो काठीवर रेललेल्या एका उंच माणसाकडे गेला, दहा पावलांवर थांबला आणि पालथा पडला. शेपटी हालत नव्हती.

धनाजीने त्याला ओळखायला क्षणही घेतला नाही. त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग काळा पडला.

"आलास व्हय," तो म्हणाला. "आता आलास? हरामखोरा!" आणि त्याने काठी उचलली.

बाई आयुष्यात कधी माळावरून पळाल्या नव्हत्या. चप्पल एक इकडे, एक तिकडे, त्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. "मारू नका! तो पळाला नव्हता. मी नेला होता त्याला. मी!"

मग त्यांनी सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच, धापा टाकत. पाइप, बिस्किटं, जाळी, फाटलेला हातमोजा. तो रडत होता आणि आम्हाला वाटलं भ्यालाय. आम्ही आत बघितलं नाही. तुमची कोकरं माझ्यामुळे गेली, मेंढी माझ्यामुळे गेली. काठी कधी खाली आली ते त्यांना कळलं नाही. धनाजीने मधे एकच प्रश्न विचारला.

"बिस्कुट खाल्लं का त्यानं?"

"नाही. हुंगलंसुद्धा नाही."

"आनि उठला न्हाई?"

"नाही. चौघांनी उचलला."

धनाजी वळला आणि चुलीकडे बघून ओरडला, "आये! ए आये! पळाला नव्हता गं! उचलून नेला त्याला!"

म्हातारी, धनाजीची आई यशोदाबाई, पदर सावरत आली. "मी काय म्हनत व्हते?" ती म्हणाली. "नऊ म्हैने म्हनतीया मी. सरदार उठायचा न्हाई. कुनी आयकतंय का म्हातारीचं."

धनाजी खाली बसला होता. कुत्र्याचं मोठं डोकं त्याने छातीशी धरलं होतं आणि त्याच्या कानात तो काय काय बोलत होता, मधेच स्वतःला शिव्या देत होता. बाईंवर रागवायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं. कुत्रा इमानी निघाला या आनंदापुढे त्याला मेलेली मेंढीही आठवेना. बाई शिव्या ऐकायच्या तयारीने तीनशे मैल आल्या होत्या. त्यांना खाटेवर बसवून हातात चहा देण्यात आला.

"ताई, तुमी शेरातली मान्सं, तुमाला काय ठावं," धनाजी म्हणाला. आता तो त्यांचीच समजूत घालत होता. "जनावराची दया आली, त्यात वाईट काय? आन बगा, काय तब्येत केलीया! आता काळजी न्हाई. पाटोद्याला नंदकुमार पाटलाकडं कुत्री हाय, अस्सल. दिवाळीला पिल्लं धरतो याची. याची जात बुडवायला निघालो व्हतो मी येडा. पयलं पिल्लू तुमाला. घिऊन जायाचं. न्हाई म्हनायचं न्हाई."

चहा गोड होता. बाईंनी कप खाली ठेवला. श्यामसुंदरचं वाक्य बरोबर याच वेळी आठवलं: दिसत नाही पटकन. खरंच दिसलं नव्हतं. नुसतं हो म्हटलं असतं, हसून निरोप घेतला असता, तर या माळावर आयुष्यभर त्यांची आठवण भल्या बाईची म्हणून काढली गेली असती. दिवाळी आली असती, पुढची आली असती. पिल्लं झाली नसती तर दोष पाटलाच्या कुत्रीला गेला असता.

"धनाजीभाऊ," बाई म्हणाल्या. "पिल्लं होणार नाहीत त्याला."

"म्हंजी?"

"मी ऑपरेशन करून घेतलंय त्याचं. मार्चमध्ये. नसबंदी. आमच्याकडे तसंच करतात. मला वाटलं, तो कोणाचाच नाही."

चुलीत लाकूड तडतडलं. धनाजीने कुत्र्याच्या मानेवरचा हात काढला. तो उठला, काठी घेतली आणि मेंढरांच्या पलीकडे जाऊन पाठ करून उभा राहिला.

बाईंना वाटलं, आता तो म्हणणार, घेऊन जा याला, नको मला. आणि त्या विचारासरशी त्यांच्या मनात आनंद उसळला, खरा, धडधडीत आनंद. कोको पलंगाखाली, कोको दाराशी. दुसऱ्याच क्षणी त्यांना स्वतःची शिसारी आली. मग मी हे सांगितलं ते कशासाठी, असं त्यांनी स्वतःला विचारलं.

यशोदाबाईने कुत्र्याला जवळ ओढलं, कुशीवर केलं आणि सुरकुतलेल्या हाताने पोटाखाली चाचपून बघितलं, पोरीबाळींचं दुखणंखुपणं बघतात तसं. मग तिने मान वर केली. तिच्या नजरेत राग नव्हता.

"दुखलं का गं त्याला?" तिने विचारलं.

फोटोला अंगठे देणाऱ्या कोणी हे विचारलं नव्हतं. बंडूने नाही, श्यामसुंदरने नाही, त्यांनी स्वतःही नाही.

"मला माहीत नाही, आजी," त्या म्हणाल्या. "मी सकाळी दवाखान्यात सोडून आले होते. संध्याकाळी आणायला गेले."

"मधी कोन व्हतं त्याच्यापाशी?"

"कोणी नाही."

"एकलाच व्हता," म्हातारी म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली, आणि कुत्र्याच्या पोटावरून हात फिरवत राहिली.

तेव्हा वैजयंतीबाई रडल्या. कोणी टाकून दिलाय म्हणून ज्याला उचलला, त्याला आयुष्यात एकदाच कोणी टाकलं होतं आणि ते त्यांनी. हे त्यांना तीनशे मैलांत कुठेच सुचलं नव्हतं. म्हातारीने त्यांना रडू दिलं. तिने समजूत घातली नाही, आणि बाईंनाही ती नको होती.

बऱ्याच वेळाने धनाजी परत आला. बाईंकडे न बघता त्याने कुत्र्याला चुटकी वाजवली. कुत्रा म्हातारीच्या मांडीवरून उठला आणि त्याच्यामागे गेला. मेंढरांच्या कडेला कालच व्यायलेली एक मेंढी बसली होती. धनाजीने तिच्याजवळची जागा काठीने दाखवली, कुत्रा तिथे बसला.

"राहू द्या त्याला," धनाजी म्हणाला. आवाज कोरडा होता. "त्येचं काम त्येला येतं. तुमी निघा आता, ताई. डोंगर उतरायचाय तुमाला."

पहिल्या पिल्लाचं नाव त्याने परत काढलं नाही. बाईंनी दोन्ही चपला शोधल्या, यशोदाबाईच्या पाया पडल्या आणि गाडीपाशी आल्या. जाताना हाक मारायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि ते पाळलं. कुत्रा मेंढीपाशी बसून पलीकडच्या ओढ्याकडे बघत होता.

जामखेडला फोनला रेंज आली आणि लगेच तो वाजला.

"भेटला?" श्यामसुंदरनी विचारलं.

"भेटला. दिला."

"दोन्ही सांगितलंस?"

"हो."

"फार रागावले का गं?"

बाईंनी गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर तांबूस केस पडले होते, खिडकीच्या काचेवर नाकाचा डाग होता.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "रागावले असते तर बरं झालं असतं."